अक्कांच्या गळ्यातली चावी

मी आज जो काही आहे तो इंदूअक्का तायडे यांच्यामुळे, हे वाक्य माझ्या घरात लहानथोरांना पाठ आहे. त्या गेल्याची बातमी फोनवर आली, आणि फोन वैशालीचा होता. "दादा, अक्का गेल्या. आपल्याच कॅज्युअल्टीत... मी ड्यूटीवर होते. ऑक्सिजन मीच लावला." मी तेव्हा जळगावात, आमच्या रुग्णालयाच्या जिन्यात उभा होतो. रडू नंतर आलं. आधी मनात आलं, की हेही हिच्याच वाट्याला आलं! महिना उलटून गेला, तरी ते मनातून जात नाही.

अक्का धुळ्यात, महामार्गाजवळच्या एका खाजगी रुग्णालयात अपघात विभागाच्या, म्हणजे कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज होत्या. बारावी झाल्यावर मी बोदवडहून धुळ्याला मामांकडे आलो आणि त्यांच्या हाताखाली वॉर्डबॉय म्हणून लागलो. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजच्या फाटकातून आत गेलं नव्हतं. त्या विभागात एक रीत होती. ऑक्सिजनचं सिलेंडर उघडायची लोखंडी चावी इतर वॉर्डांत खिळ्याला टांगलेली असते, आणि नेमकी हवी तेव्हा त्या खिळ्यावर नसते. अक्कांनी ती बँडेजच्या पट्टीत ओवून गळ्यात घातली होती. ड्यूटी बदलताना ती आपल्या गळ्यातून काढून दुसऱ्या सिस्टरच्या गळ्यात घालायची. चावी उतरल्याशिवाय ड्यूटी उतरत नसे, मग घरी पाहुणे येवोत की लग्न असो.

जखम दाबून धरली, की अक्का मागे न बघता डावा हात पाठीमागे करायच्या आणि मी त्यात गॉझ ठेवायचो. तो हात माझ्यासाठीच मागे येतो, असं मला वाटायचं. एके दिवशी हात तसाच ठेवून म्हणाल्या, "ए बोदवडकर, जलमभर कापूसच देत राहशील का? नर्सिंगला जा." प्रवेशाचं त्यांनीच पाहिलं. माझे वडील लाजत होते, मुलगा आणि नर्स? अक्का त्यांना म्हणाल्या, "नाना, डॉक्टर तपासून घरी जातो. पेशंटपाशी राहतं कोण?" दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक वडिलांनीच एसटीवर चढवली.

जळगावात बीएस्सी नर्सिंग केलं. निकाल लागला तशी केळीच्या वेफर्सची पिशवी घेऊन मी थेट धुळ्याला गेलो. कॅज्युअल्टीत एक जागा निघाली होती आणि ती माझीच, हे मी गृहीत धरलं होतं. पाहतो तर एक बारीकशी मुलगी गळ्यात चावी घालून उभी. वैशाली. तिचा एएनएम झालेला, नर्सिंगचा बीएस्सीहून खालचा, दोन वर्षांचा कोर्स.

"अक्का, ती तर एएनएम आहे," मी म्हणालो.

"आणि मी कोण शे रे?"

अक्काही एएनएमच, हे मी विसरलो होतो. मग वेफर्स खात त्यांनी मला समजावलं. एएनएम पोरींना सगळे सांगतात, उपकेंद्र बघा, लसीकरण बघा. खाजगीत गेल्या तर कमी पगारावर वॉर्डातली वरकामं. कॅज्युअल्टीच्या जाहिरातीत त्यांचं नावच नसतं, आणि काम करू दिलं नाही तर अनुभव यायचा कुठून? "तुले बठ्ठा दरवाजा उघडा शेतस, भाऊ. तिले हाऊ एकच शे." बोलणं चुकीचं असतं तर भांडता तरी आलं असतं...

मला जळगावात कॅज्युअल्टीतच नोकरी लागली. पगारही वैशालीपेक्षा जास्त. तरी धुळ्याला गेलो की पाय तिकडेच वळायचे. एकदा मी तिथे असताना उलटलेल्या टेम्पोतली माणसं आली. अक्का एकावर वाकल्या, डावा हात मागे आला. मी पुढे झालो, तोवर वैशालीनं गॉझ ठेवलासुद्धा. अक्कांनी वळून पाहिलं नाही. पाहण्याची गरजच नव्हती. मग माझ्याकडे लक्ष गेलं तेव्हा म्हणाल्या, "तू बस रे, पाहुणा शेस." पाहुणा! जळगाव येईपर्यंत तो शब्द बसमध्ये माझ्या शेजारी बसून होता.

त्यानंतर मी आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागलो, की कॅज्युअल्टीत एएनएम घ्या, मी शिकवतो. सगळ्यांना माझ्या मोठ्या मनाचं कौतुक वाटलं. अखेर एक जागा मंजूर झाली. अक्का फोनवर आवाजावरून मनातलं ओळखायच्या, म्हणून मी पत्र लिहिलं. पोचलं त्याच दिवशी त्यांचा फोन आला आणि कितीतरी वेळ नुसतं हसणं ऐकू आलं. पुढच्या सोमवारी जळगावात हजर झाली ज्योती नावाची भलतीच मुलगी! चांगली निघाली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. अक्कांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, मी धुळ्याला गेलो, तिथे ज्योतीच्या आईनं माझे पाय धरायला हात पुढे केला, तेव्हा कुठे बघावं कळेना.

त्याच दुपारी अक्कांच्या कॅज्युअल्टीत गेलो. चावी वैशालीच्या गळ्यात होती. तिनं काढली आणि म्हणाली, "दादा, घाला थोडा वेळ." घातली. पट्टी नवी होती, चावी मात्र तीच, उबदार. ती ऊब वैशालीची होती, अक्कांची नव्हे... बाहेर ॲम्ब्युलन्स वाजली तशी मी ती उतरवून तिच्या गळ्यात घातली.

निघताना औषधांच्या कपाटाकडे लक्ष गेलं. काचेच्या आतून माझं पत्र चिकटवलेलं आहे, अक्कांनीच. नवीन येणारी प्रत्येक मुलगी ते वाचते म्हणे, आणि हसते.

"ती. अक्का,
सा. न.
आमच्या कॅज्युअल्टीत एक जागा निघाली आहे. एएनएम चालेल, असं मी डॉक्टरांकडून कबूल करून घेतलं आहे. पगार तुमच्याकडच्यापेक्षा बरा आहे. वैशालीला ताबडतोब पाठवा, तिचं भलं होईल. तिच्या जागेची काळजी करू नका. त्या जागेवर मी येतो.
तुमचा,
बोदवडकर"