चौथा ठिपका

“हात दाखवा.”

प्रयोगशाळेच्या दारात मॅडमचं हे पहिलं वाक्य. विद्यार्थी असो, मी असो, एकदा तर खुद्द प्राचार्य. सगळ्यांनी बालवाडीतल्या पोरांसारखे दोन्ही तळवे पुढे धरायचे. मॅडम नखं बघत नसत. “हाताला तेल असतंय,” म्हणायच्या, “मला तुमचं न्हाई, जंतूचं तेल बघायचंय.”

मी अंबाजोगाईच्या त्या कॉलेजात काचसामान धुणारा. अशा माणसाला सगळे मामा म्हणतात. भाचे मोजायला बसलो तर अख्खा तालुका भरेल. मॅडम जंतुशास्त्र शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात त्यांची पीएच.डी. चालायची.

त्यांचं माहेर कडा गावाकडचं. भावाची डाळिंबाची बाग होती. डाळिंबावर तेल्या पडतो हे तुम्हाला ठाऊक असेलच. पानावर, फळावर तेलकट डाग येतात आणि भरलेलं फळ तडकून जातं. काही बागांत मोरचुदाचा फवारा मारला की रोग हटायचा, काही बागांत ढिम्म. मॅडमना वाटायचं, या हट्टी जंतूच्या अंगावरचं पातळ तेलकट आवरणच वेगळं असणार, म्हणून औषध आत शिरत नाही. ते एकदा सिद्ध झालं की पीएच.डी. तर होईलच, पण भावाच्या बागेलाही काही इलाज सापडेल.

माहेरी गेल्या की परतताना डब्यात रोगट पानं घेऊन यायच्या. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, कसली भाजी हाय ताई? “रोगाची,” मॅडम म्हणाल्या. ती बाई उठून मागच्या सीटवर गेली. हा किस्सा त्या दर वर्षी नव्या पोरांना सांगायच्या आणि स्वतःच आधी हसायच्या.

काम मात्र जिकिरीचं. पानावरचे जंतू वाढवायचे, खरवडून क्लोरोफॉर्ममध्ये घालायचे. आवरणातलं तेल त्यात उतरतं. त्याचा थेंब पांढरा लेप दिलेल्या काचपट्टीवर ठेवायचा, पट्टी द्रावणात उभी करायची आणि मग आयोडीनच्या बरणीत. तेलाचा जितका प्रकार, तितके तपकिरी ठिपके. शिकवताना एखाद्याला मुद्दाम पट्टीला अंगठा लावायला सांगायच्या. बरणीत तो अंगठा रेघन् रेघ उमटायचा. “ही बघा तुमची सही. म्हणून हात लावायचा न्हाई.” बाहेर काढल्यावर थोड्या वेळात ती सही उडून जायची.

या कामापायी मॅडमनी डोक्याला तेल लावणंही सोडलं होतं. केस सदा भुरभुरलेले. मला हे सगळं सोवळ्यासारखं वाटायचं. क्लोरोफॉर्मच्या बाटलीला बूचही काचेचंच, हाही त्यांच्या सोवळ्याचाच भाग.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या हातून ट्रे निसटला आणि डझनभर काचेची बुचं फुटली. नवी मागवायची तर अर्ज करा, कारण लिहा, बोलणी खा. कपाटात रबरी बुचं पडून होती. ती घट्ट बसली. मी कुणाला सांगितलं नाही; बुचं लावणं-काढणं माझंच काम, त्यामुळं मॅडमच्या नजरेलाही पडलं नाही. सुट्टी संपल्यावर नेमकी त्याच बाटल्यांत कड्याच्या हट्टी बागांची खेप भरली गेली.

“मामा, हात धुवा आणि पळत या!”

पट्टीवर बाकीच्या नमुन्यांचे तीन तीन ठिपके, आणि कड्याच्या नमुन्यांत चौथा. मॅडमनी त्या दिवशी पेढे आणले. आवारातल्या कडुलिंबाखाली उभं राहून मला दोन दिले. पुढची दोन वर्षं त्या चौथ्या ठिपक्यावरच चालली. मधेच मॅडमना पोटाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, तरी डॉक्टरांनी फारशी आशा दिली नाही. मॅडम प्रबंध लिहायला घाई करू लागल्या.

एक दिवस नव्या मुलीनं विचारलं, “मॅडम, रबरी बूच कावून चालत न्हाई?”

“क्लोरोफॉर्म रबरातलं तेल ओढून घेतो. मग तेबी ठिपका होऊन बसतंय.”

मी बेसिनपाशी होतो. धुतलेलीच बाटली पुन्हा धुवायला घेतली.

आठ दिवस मी तोंड उघडलं नाही. नोकरीची भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण हे ऐकून ही बाई खचेल, ही भीती जास्त होती. नवव्या दिवशी सगळं सांगून टाकलं. मॅडम लगेच उठल्या. रबरी बुचाच्या बाटलीत नुसता क्लोरोफॉर्म भरून ठेवला आणि दोन दिवसांनी त्याची पट्टी चालवली. जंतू नाहीत, काही नाही. चौथा ठिपका होता.

“आठ दिस कावून थांबलात, मामा?” एवढंच विचारलं. “माझ्याकडं दिस कमी हायेत.”

मी रडलो. त्यांनी मला काचेच्या बुचांच्या मागणीचा अर्ज लिहायला बसवलं.

लिहिलेलं सगळं प्रकरण त्यांनी काढून टाकलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आता स्टुलावर बसून काम करायच्या. भाऊ एकदा भेटायला आला, म्हणाला, “मंग एवढी वर्षं काय हाती आलं, आक्का?” मॅडम म्हणाल्या, “तेल सगळ्या जंतूंचं सारखंच निघालं. या वाटंनं इलाज न्हाई, एवढं कळलं. दुसऱ्या कुणाचा फेरा वाचंल.”

प्रबंध पुरा झाला नाही. दिवाळीआधीच मॅडम गेल्या.

कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडं आलं. वहीच्या शेवटच्या पानात एक पट्टी होती आणि खाली वाकड्या अक्षरात लिहिलेलं: पट्टी बाद. हात लागला. माझाच.

मी ती बरणीत ठेवली. सगळ्या नमुन्यांचे तीन तीन ठिपके आले, आणि खालच्या कोपऱ्यात मॅडमचा अंगठा.

बाद पट्ट्या धुऊन टाकायचं काम माझं. तेवढी एक धुतली नाही. फार आठवण आली की बरणीत ठेवतो. अंगठा उमटतो, आणि थोड्या वेळानं उडून जातो. पट्टी मी कडेनंच धरतो. हात लावत नाही.