माडाच्या मुळाशी ओतलेलं पीठ

आंबलेल्या पिठाचा वास आला की कोरगावचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. बोटीवरच्या नोकरीत इटालियन पाव करायला शिकून आलेला माझा धाकटा भाऊ घरी फोकाच्या नावाचा चपटा पाव भाजायचा, बोटांच्या खळग्यांत तेल साचलेला. पाव फुगवायचं त्याचं आंबवण काचेच्या बरणीत असे. रोज पीठ-पाणी घालून तो ते जिवंत ठेवायचा. अपघातात तो गेला त्या दुपारी शेजारच्या काकीने रीतीप्रमाणे घरातलं शिजलेलं अन्न, भरलेलं पाणी, सगळं बाहेर ओतलं. बरणी रिकामी दिसली म्हणून मी विचारलं. "अगो, ता पीठ कुसलला, माडाक ओतलंय," ती रडतच म्हणाली. आंबट वासामुळे तिला ते कुजलेलं वाटलं होतं. मी धावत गेले, तर मातीवर त्याचे बुडबुडे अजून फुटत होते. आज माझ्या बरणीत नव्याने आंबवलेलं पीठही छान फुगतं. पण त्यात त्याच्या हातचं काहीच नाही.