साखरपुड्याच्या पंगतीत मी घास मोजले

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. पण भरभर जेवण्यात माझा हात धरील असा गडी अख्ख्या चिकलठाण्यात नव्हता. कंपनीत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यात नळावरची रांग, डबा उघडणं आणि मागून तंबाखू. जेवायला उरायची पाच मिनिटं, तेवढ्यात मी तीन भाकरी आत ढकलायचो. कंपनी सुटली, सवय सुटली नाय. का सुटावी? ती काय चोरी होती?

अडचण एकच. आमच्यात पंगतीतल्या घरच्या वडीलधाऱ्यानं पेल्यातलं पाणी हातावर घेतलं की सगळ्यांनी उठायचं. थोरल्या नातीच्या लग्नात मी ते घेतलं तेव्हा बुंदी अजून पंगतीच्या त्या टोकाला होती. शेजारी बसलेले खुलताबादचे व्याही हातातली पोळी ठेवून उठले. तेव्हापासून ती पोरगी सासरी ऐकून घेती, "तुझ्या आज्याच्या दारी जायचं तर घरून खाऊन जावं."

औंदा धाकट्या नातीचा साखरपुडा ठरला. सोयरे पिशोरचे. हल्ली सगळीकडं ताट हातात घेऊन उभ्यानं फिरायचं असतं, पण नवऱ्या मुलाच्या आजोबांनी निरोप धाडला, "आम्हाला पाट नको, सतरंजी चालेल, पण बसवून वाढा."

नात माझ्यासमोर येऊन बसली. "आबा, ताईसारखं जन्मभर मला ऐकायचं नाय. एक घास बत्तीस वेळा चावायचा. शब्द द्या."

"मला दात अकरा. बत्तीस कुठून आणू?"

"मग अकरा त्रिक तेहतीस करा!"

हिशेब बरोबर होता. शब्द दिला.

आठ दिवस घरी तालीम केली. पहिल्या दिवशी बायको वाढून टीव्हीपुढं गेली, मालिका संपवून आली, तरी माझी पहिली भाकरी चालूच. पण एक झालं. मेथीच्या भाजीत काहीतरी खमंग लागलं. मी म्हणालो, "आज निराळं काय घातलंस गं?"

"शेंगदाण्याचा कूट."

"लई ब्येस. आधी का नाय घातला कधी?"

"लग्न झाल्यापासून घालतीय," ती म्हणाली. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाय.

साखरपुड्याला दारापुढंच मांडव घातला. पिशोरचे आजोबा माझ्या उजव्या हाताला बसले. पांढऱ्या मिशा, माझ्यापेक्षा ताठ. पोळी, वांग्याची भाजी, येसर आमटी, भात, बुंदी. मी पहिला घास घेतला आणि मोजायला लागलो.

अकराव्याला ते म्हणाले, "पाव्हणं, पाऊस कसा काय तुमच्याकडं?"

बोलावं तर मोजणी हुकती. मी नुसता पंजा दाखवला, म्हणजे थांबा. वाढप्यानं तो पंजा पाहिला. पंगतीत नको म्हणायचं तर पत्रावळीवर आडवं पडावं लागतं, नुसता हात केला की म्हातारा लाजतोय असं समजतात. त्यानं पाच डाव बुंदी ओतली. आणि स्वतःच्या दारात पानात टाकायचं म्हणजे अन्नाचाही अपमान, सोयऱ्यांचाही. एकेक घास, तेहतीस. मी मान खाली घातली.

बाकीची पंगत जेवून बसली. कुणी ढेकर दिला, कुणी मांडी बदलली. पण मी पाण्याला हात लावेना, मग उठणार कोण? दुसऱ्या पंगतीचे आमचे गल्लीवाले मागं येऊन उभे राहिले. एक जण माझ्या कानाशी म्हणाला, "चाचा, हमारा नंबर कब?" मी एकोणिसाव्यावर होतो.

शेवटी नात नव्या शालूतच धावत आली. खाली वाकली.

"आबा, गिळा आता! लोक ताटकळलेत."

घास संपवून मी म्हणालो, "शब्द दिलाय."

"मी परत घेते शब्द!"

"दिलेला शब्द परत घ्यायला ती काय साडी हाय, फॉल उसवला म्हणून?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पिशोरच्या आजोबांकडं पाहिलं, मीही पाहिलं. मनात म्हणालो, झालं. खुलताबादला उपाशी उठवलं, पिशोरला बसवून मारलं. आता या पोरीलाही ऐकावं लागणार.

ते आजोबा तिला म्हणाले, "ए पोरी, त्यांना घाई करू नको. मी लई खूश हाय."

"व्हय?" मी विचारलं. पुढचा घास राहिला, राहू दे.

"घरी माझी दोन पोरं फटाफट जेवून उठत्यात. मी एकटाच मागं. सुना भांडी आवरत माझ्या ताटाकडं बघत राहत्यात. मग मी अर्धपोटी हात धुतो. आज पहिल्यांदा माझ्याहून सावकाश जेवणारा माणूस भेटला." एवढं बोलून त्यांनी वाढप्याला हाक मारली, "येसर आण रे गरम. अन् भात. आम्हा दोघांनाबी."

मागून गल्लीवाल्यांचा मोठा सुस्कारा ऐकू आला. नात डोळे पुसत हसायला लागली आणि पदर खोचून दुसरी पंगत शेजारच्या अंगणात बसवायला गेली.

आम्ही भात कालवला. मी त्यांना म्हणालो, "एका घासाला तेहतीस हां, पाव्हणं. माझे दात अकरा, दाताला तीन-तीन."

"माझे दात सात," ते म्हणाले. "मला पाच-पाच पडत्यात. तुमी व्हा पुढं."