पेपरात वाढलेलं मानधन

मैत्रिणींनो, आज सकाळपासून देवापुढे बसवत नाही.

आमच्या गल्लीतली आशा सेविका सुनंदा माझ्या सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या घेऊन आली. भर उन्हात, पायी. मी सवयीने टोमणा मारला, "मानधन वाढलं ना गं तुझं? रिक्षा तरी करायची!"

ती हसली. "अक्का, मानधन पेपरमा वाढनं. खातामा आजून उनं नही. मंजुरी शे, पन निधी नही, असं सांगतस."

माझा चेहराच उतरला. ती बातमी वाचूनच मी कानबाई देवीच्या उत्सवात सगळ्या बायांसमोर तिची वर्गणी दुप्पट करून टाकली होती. सगळ्या हसल्या; तिने मुकाट्याने दिली.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बठ्ठ्या हासन्यात, अक्का. मी काय बोलू?"

वरचे पैसे परत द्यायला गेले, तर म्हणाली, "देवीले देयेल माघारी लेतस का?" आणि पुढच्या घरी निघाली.

हातात पडल्याशिवाय मी स्वतःच्या वहीत रुपया जमा धरत नाही. तिचा मात्र नुसत्या बातमीवर धरला.

चारचौघींत बोलले होते, म्हणून चारचौघींतच माफी मागते. त्या दिवशी माझ्यासोबत हसलेल्यांपैकी अजून कोण मागणार?