आत्याबाईंचं नाक

माझ्या सासऱ्यांच्या बहिणीसारखं नाक अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला देवाने दिलं नसेल. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. कोणाच्या घरी गेल्या की ओट्याकडे जाऊन आधी गॅसजवळची तेलाची बरणी उचलून लांब अंधारात ठेवायच्या, मगच पाणी घ्यायच्या. उन्हानं आणि आचेनं तेल मरते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या स्वतःच्या बाटल्यांना जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचे झगे शिवलेले आहेत. तुपात ओला चमचा घातला म्हणून एका जावयाशी त्या वर्षभर बोलल्या नाहीत. एकदा तळलेलं तेल पुन्हा कढईत जात नाही, ते बिजागऱ्यांना जातं. त्यामुळे त्यांच्या घरात कोण आलं, कोण गेलं, काही ऐकू येत नाही. जवसाचं तेल त्या वणीच्या घाणीवरून महिन्याला पुरेल एवढंच आणायच्या. शेवटचा थेंब पडेपर्यंत घाणीवाल्यासमोर उभ्या. तो म्हणायचा, आत्याबाई, बसा तरी. त्या म्हणायच्या, मी बसली की तू भेसळीले उठशीन.

गावात लग्न असलं की त्यांनी वास घेतल्याशिवाय आचारी कढई चढवत नसे. माझ्या मुलीच्या साखरपुड्यालाही तेलाचा डबा फोडून तो थांबला. आत्याबाई नुकत्याच तापातून उठल्या होत्या. त्यांनी थेंब तळहातावर चोळला, हुंगला, चांगलं आहे म्हणून मान डोलावली. मी शेजारीच होते. खवट वास माझ्या डोक्यात गेला. पाहुणे दारात आलेले. मी चार माणसांत तोंड न उघडणारी, आणि बोलले तर आत्याबाईंची शोभा होणार. मी नुसता त्यांचा पदर ओढला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आचाऱ्याला म्हणाल्या, "थांब जरासा. आज माही सून पाहीन. तिलेबी शिकू दे."

मी हुंगलं आणि खाली मान घालून म्हटलं, खवट आहे.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "मी पाहून राह्यली होती, तुले समजते का नाही."

सगळे हसले. दुसरा डबा आला, पुऱ्या छान झाल्या, आणि आत्याबाईंनी सुनेला कसं तयार केलं म्हणून त्यांचंच कौतुक झालं. पाहुणे गेल्यावर भांड्यांच्या आडोशाला त्यांनी मला सांगितलं, ताप गेल्यापासून कशाचाच वास येत नाही, फुलाचा नाही, फोडणीचा नाही. कोणाले सांगू नको.

मी सांगितलं नाही. आता घाणीवर मी सोबत जाते. परवा नव्या जवसाचं तेल निघालं. घरी आल्यावर त्यांनी वास कसा आहे ते विचारलं. मी म्हटलं, चांगला आहे.

"निस्ता चांगला नको म्हणू. नीट सांग."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी बाटली पुन्हा हुंगली. मग म्हटलं, आधी भाजलेल्या दाण्यासारखा येते, अन् मागून कापलेल्या ओल्या गवताचा.

आत्याबाई डोळे मिटून बसल्या. मग म्हणाल्या, "हो. तसाच असते."