बारा बोअर की वीस

लंडनमध्ये इल्फर्डला आमच्या शेजारी एकटे राहणारे काका त्यांच्याकडे घरफोडी झाल्यापासून कुंपणापलीकडून रोज एकच विषय काढत. “शॉटगन बारा बोअरची घ्यावी की वीसची? काडतुसात छर्रे बारीक बरे की जाड?” गोळ्या जेवणाआधी की नंतर, असं विचारावं तसा थकलेला सूर.

“अहो काका, घर राखायला इथे लायसन्स देत नाहीत. नेमबाजीचा छंद आहे म्हणा,” मी एकदा कंटाळून म्हणाले.

लायसन्सच्या अर्जावरून पोलीस चौकशीला आले तेव्हा काकांनी सरळ सांगितलं, चोरांची भीती वाटते. अर्ज नामंजूर झाला.

“छंद का नाही सांगितलात?”

“खोटं बोलून आणलेली बंदूक घरात ठेवून झोप लागली असती का गं?” मग घराची जादा किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, “कामावरून आलीस की एकदा दार वाजवत जा.”