रडका चेहरा काढला तेव्हा

पाळणाघरातले किस्से मुलांच्या स्वेटरांसारखे असतात. संध्याकाळी आवरायला घेतलं की एखादा उरलेला सापडतोच, आणि न्यायला कोणी येत नाही. पुण्यात खराडीला, आयटीवाल्यांच्या भागात, इतकी वर्षं टीचर म्हणून काढल्यावर माझं कपाट भरलंय. त्यातले हे, एकाच बोर्डाचे.

बोर्ड आमच्या मॅडमची आयडिया. भिंतीवर चार चेहरे : हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला. सकाळी आल्यावर प्रत्येक मुलानं आपला फोटो हव्या त्या चेहऱ्याखाली चिकटवायचा. मग बोर्डाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर. भावनिक विकास! पहिल्या आठवड्यात झाडून सगळी पोरं रागावलेल्याखाली, कारण तो चेहरा लाल होता. एका वडिलांनी ऑफिसातून फोन करून विचारलं, तुमच्याकडे मुलांना मारतात का.

*

एका आईनं मला बाजूला घेऊन समजावलं, "टीचर, आमचा रोज हॅपीच असतो. चुकून दुसरीकडे लावला, तर तुम्ही उचलून ठेवत जा ना."

बाई एका कंपनीत एचआरला होत्या.

*

साडेतीन वर्षांची ईरा मात्र रोज रडक्याखाली. रडायची नाही, फोटो लावून खेळायला जायची. मी विचारलं तर म्हणाली, "लता मावशी येत नाही आता." लता मावशी म्हणजे तिला जन्मापासून सांभाळणारी बाई. एजन्सीशी काहीतरी बिनसलं आणि मावशी यायच्या बंद झाल्या. ईराला कोणी काही सांगितलंच नाही.

पालकसभेत मी हे तिच्या वडिलांच्या कानावर घातलं. ते शांतपणे म्हणाले, "अहो, पण रिप्लेसमेंट त्याच दिवशी मिळाली." मला इतका राग आला की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले.

*

एकदा कबीर घसरगुंडीवरून पडला आणि त्यानं भोकाड पसरलं. मी पोचेपर्यंत ईरा त्याच्याजवळ जाऊन बसली होती. त्याच्या पाठीवरून हात फिरवत सांगत होती, "रडू नको. आईची मीटिंग असते."

*

ग्रुपवर ईराच्या आईचा रोज एकच मेसेज : ईरा परत सॅड का? मग इतर पालकही विचारायला लागले. मॅडमना ते सहन होईना. एका शुक्रवारी त्यांनी रडका चेहराच उपटून काढला.

मी विचारलं, मग ज्याला रडू येतंय त्यानं फोटो कुठे लावायचा?

"ऑप्शनच नसेल तर लावेल कशाला?" मॅडमकडे बालमानसशास्त्राचा डिप्लोमा आहे.

सोमवारी ईरा फोटो हातात घेऊन बोर्डासमोर उभी राहिली. उरलेले तिन्ही चेहरे तिनं नीट पाहिले. रडक्याच्या जागी नुसता डिंकाचा गोल डाग होता. टाचा उंचावून तिनं आपला फोटो त्या डागावर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला.

मी नियमाप्रमाणे बोर्डाचा फोटो ग्रुपवर टाकला. ईराच्या आईचं लगेच उत्तर आलं, हार्ट वगैरे लावून : "येस! आज सॅड नाही. थँक यू, टीचर."